टिपरचा टेलिस्कोपिक जॅक: नियंत्रण चालकाच्या हाती की कंट्रोलरच्या?

यंत्र अभियंता, चिंचोळी एमआयडीसी
सोलापूर परिसरात खडी-मुरूम वाहणाऱ्या टिपरांचा हौदा उचलणारा टेलिस्कोपिक जॅक, म्हणजे एकात एक बसलेल्या नळ्यांचा तेलाच्या दाबावर चालणारा जॅक, चालकाऐवजी इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरने चालवावा, असे माझे ठाम मत आहे. या जॅकमध्ये सर्वांत मोठ्या व्यासाचा टप्पा (नळी) आधी बाहेर येतो आणि मग क्रमाने लहान टप्पे येतात. पंपाचा प्रवाह मात्र तोच राहतो. मिनिटाला ६० लिटर तेल जात असेल, तर १५० मिमीचा टप्पा सेकंदाला सुमारे ५.७ सेंमी सरकतो, १२५ मिमीचा ८.१ आणि १०० मिमीचा १२.७. त्यामुळे टप्पा बदलताना भरलेल्या हौद्याला झटका बसतो. हौद्याच्या कोनावरून टप्पा बदलण्याची जागा आधीच काढता येते. तिच्या अलीकडेच प्रपोर्शनल व्हॉल्व्हने, म्हणजे प्रवाह हवा तेवढा कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्व्हने, तो कमी करावा.

जॅक दुरुस्ती कारागीर, अक्कलकोट रोड
आपले गणित क्रम पाळणाऱ्या जॅकचे आहे. माझ्याकडे उघडायला येणाऱ्या जॅकांत सील झिजलेले असतात आणि नळ्यांवर मुरमाच्या धुळीचे उभे ओरखडे असतात. अशा वेळी मोठा टप्पा अडतो, लहान टप्पा आधी सुटतो आणि त्याच कोनाला जॅकची स्थिती निराळी असते. मग कंट्रोलर भलत्याच जागी संथ होईल आणि टप्पा बदलण्याच्या खऱ्या जागी पूर्ण वेगाने आदळेल. शिवाय टिपर उलटतो तो मुख्यतः आडव्या कलामुळे. एका बाजूची चाके भरावात रुतली आणि ओला मुरूम त्याच कडेला चिकटून राहिला, की आडवा भार जॅकवर येतो, आणि तो पेलण्यासाठी हा जॅक बनवलेलाच नसतो.

यंत्र अभियंता
क्रम चुकतो, म्हणूनच कोनासोबत दाबही मोजावा. लहान टप्पा चालू असेल तर तेवढ्याच भाराला दाब जास्त लागतो आणि हौदा अधिक वेगाने उठतो. या दोन खुणा एकत्र पाहिल्या की टप्पा ओळखता येतो. आडव्या कलासाठी वेगळा सेन्सर लावून मर्यादा ओलांडताच पंप बंद करावा.

टिपर मालक, सोलापूर
पंप बंद करण्यास माझी हरकत नाही, पण अर्ध्यावर थांबलेल्या हौद्याचे पुढे काय, हे या मांडणीत आलेले नाही. हा जॅक तेल सोडल्यावर हौद्याच्या वजनाने खाली बसतो. तेल सोडण्याचा व्हॉल्व्हही कंट्रोलरकडे दिला आणि खाणीच्या धुळीत वायरचा जोड निकामी झाला, तर भरलेला हौदा हवेत अडकून राहील आणि कोणीतरी त्याच्याखाली जाऊन खटपट करील. उचलणे कंट्रोलर रोखू शकेल, परंतु हळूहळू उतरवण्याचा लिव्हर विजेशिवाय चालणारा आणि चालकाच्याच हाती असेल, तरच मी हे माझ्या गाडीवर बसवीन.