संडेस्कूल, कॅम्प आणि "सगळी आपलीच माणसं": नियम करायचे तर मंडळी दुखावणार नाही असे कसे करायचे?

मिरजेची_ताई
सलाम सगळ्यांना, जय ख्रिस्त. मी मिरजेत असते, आमची मराठी चर्चची मंडळी, रविवारी दीडेकशे माणूस आणि नाताळात बसायला जागा नाही असं. नऊ वर्षं झाली संडेस्कूल, म्हणजे पोरांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग, घेते. उन्हाळ्यात पोरांचा पाचगणीला दोन रात्रींचा कॅम्प आहे, सात ते सोळा वयाची पोरं, म्हणून मागच्या पाळकीय समितीत, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीत, मी एवढंच म्हटलं की पोरांबरोबर कुणीही एकटं मोठं माणूस नको, कायम दोघं असावीत, आणि झोपायच्या खोल्यांचं आधी ठरवूया. झालं, एक वडील (म्हणजे मंडळीतले जबाबदार ज्येष्ठ, एल्डर) एकदम उठले, की पंचवीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाकडं चारित्र्याचा दाखला मागताय का. मी कुणाचं नावसुद्धा घेतलं नव्हतं ओ. बाकीचे गप्प, विषय तिथंच संपला आणि गेले दोन रविवार त्यांच्या घरातलं कुणी माझ्याशी बोलत नाही.
दुसरं म्हणजे आमच्याकडं नर्सिंगच्या मुली येतात, केरळच्या, ईशान्येकडच्या. शेवटच्या बाकावर बसतात, आशीर्वाद झाला की निघून जातात. त्यांच्याशी कोण बोलत नाही, बोललं तर पहिला प्रश्न "कुणाच्यातल्या?" आता त्यात गेटवर माणूस, सही, रजिस्टर असं काय काय सुरू केलं तर चर्च अजूनच परकं वाटेल का अशी भीती वाटते. तुमच्याकडं काय करतात?

खजिनदार_सांगली
ताई, सलाम. मी बारा वर्षं दानार्पणाचा हिशेब बघतोय. उपासना झाली की पिशवी टेबलावर ओततात, दोघं मोजतात, तिसरा लिहितो, तिघांच्या सह्या होतात. माझ्या आधीच्या खजिनदारांच्या काळापासून हेच आहे. आजपर्यंत मला एकदाही वाटलं नाही की मंडळी मला चोर समजते, उलट मी रात्री निवांत झोपतो, उद्या शंभर रुपये कमी पडले तर माझ्यावर बोट येणार नाही. पुढच्या मीटिंगला त्या वडिलांना हेच विचारा, की नाण्यांजवळ आपण एकट्या माणसाला बसू देत नाही, मग लेकरांजवळ का बसवायचं? आणि हो, हे सगळ्यांसमोर विचारू नका, त्यांच्या घरी जाऊन चहा घेता घेता विचारा. चारचौघात माणूस हट्टाला पेटतो.
कॅम्पसाठी आमच्याकडं काय करतात सांगतो. आईबापाच्या सहीचा कागद, त्यावर आजार, गोळ्या आणि दोन फोन नंबर. मुलींबरोबर दोन बायका, मुलांबरोबर दोन पुरुष, मोठी माणसं पोरांच्या खोलीत झोपत नाहीत. एकट्या पोराला कुणी गाडीवर मागं बसवून न्यायचं नाही, अगदी दुकानापर्यंत सुद्धा. शिक्षकानं पोराला पर्सनल व्हॉट्सॲप करायचं नाही, जे काय असेल ते पालकांच्या ग्रुपवर. परत आल्यावर पोरगं ज्याच्या नावावर आहे त्याच्याच हातात द्यायचं. पहिल्या वर्षी कुरकुर झाली, आता ज्या वर्षी कागद उशिरा निघतो त्या वर्षी आयाच विचारतात की कागद कुठाय.

कोर्टरोड_सातारा
वकिली करतो, साताऱ्यात. कायद्याचं थोडं स्पष्ट सांगतो कारण मंडळीत याबद्दल फार गैरसमज आहेत. पॉक्सो, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, 2012 चा, अठरा वर्षांखालच्या सगळ्या मुलामुलींसाठी आहे. कलम 19 प्रमाणे असा गुन्हा झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. पाळकसाहेब (पास्टर) असोत, वडील असोत की संडेस्कूलची बाई. कळवलं नाही तर कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचं दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा स्टाफमधल्या माणसानं तिथल्याच लेकरावर अत्याचार केला तर कायदा तो गुन्हा जास्त गंभीर धरतो.
"आधी समितीत चौकशी करू, खरं निघालं तर बघू" हे चालत नाही. चौकशी पोलिसांचं काम, आपलं काम लेकराचं शांतपणे ऐकून घेणं, दहा प्रश्न न विचारणं आणि कळवणं. चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर केस होत नाही, तेही कलम 19 मध्येच आहे. पोरांना स्टेशनात बसवतील ही भीती असते, तर जबाब लेकराच्या घरी किंवा ते म्हणेल तिथं घ्यायचा आणि पोलिस गणवेशात नसावेत असं कायदाच सांगतो. लेकराचं नाव कुठं फुटता कामा नये, प्रार्थनेच्या ग्रुपवर "अमक्याच्या मुलीसाठी प्रार्थना करा" असं टाकणं सुद्धा नको. 1098 हा लेकरांच्या मदतीचा हेल्पलाइन नंबर चर्चच्या नोटीस बोर्डावर लावा, पोरांच्या डोळ्याच्या उंचीला.

कराडहून_एक
मी हे कधी लिहिलं नाही कुठं. चौदा वर्षांची होते, आमच्या तेव्हाच्या गावातल्या मंडळीत (गाव सांगत नाही) गायनाचा सराव घेणारे एक जण होते. सराव संपला की मला थांबवायचे. मी धाडस करून एका वडिलांच्या बायकोला सांगितलं, त्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाल्या क्षमा कर बाळा, घरात बोलू नको, मंडळी फुटेल. मंडळी फुटली नाही. आम्ही फुटलो, आईनं चर्चला जायचं सोडलं आणि का सोडलं ते लोकांनी भलतंच सांगितलं. तो माणूस पुढं किती वर्षं सराव घेत होता मला माहीत नाही, आजही रात्री तोच विचार येतो की माझ्यानंतर कोण थांबत असेल. म्हणून ताई तुम्ही मागं हटू नका. क्षमा करायची की नाही ते माझं आणि देवाचं आहे, पोलिसांना सांगायचं ते मोठ्यांचं काम होतं आणि ते त्यांनी केलं नाही.
एकोणीस वर्षांनी कराडला एका चर्चमध्ये गेले. मागं उभी होते, एका म्हाताऱ्या आजींनी सरकून बाकावर जागा केली, गायनाच्या पुस्तकातलं पान काढून हातात दिलं, नाव-गाव काही विचारलं नाही. नंतर म्हणाल्या पुढच्या रविवारी पण इथंच बस, मी जागा धरते. त्या जागेमुळं मी टिकले. तुमच्या नर्सिंगच्या मुलींना जेवायला बोलवायचं ते नंतर बघा, आधी कुणीतरी जागा धरा. आणि त्यांचे फोटो न विचारता ग्रुपवर टाकू नका, कोण कुठल्या परिस्थितीतनं आलंय आपल्याला माहीत नसतं.

आप्पा_तासगाव
मी स्वतः वडील आहे, सत्तरीचा. खरं सांगतो, सुरुवातीला मी पण त्या वडिलांसारखाच भडकलो असतो. कराडच्या लेकीचं वाचून गप्प बसलो. लेकी, आमच्यासारख्यांनी ऐकायला पाहिजे होतं. माझा एक प्रश्न आहे वकीलसाहेबांना, एखाद्यावर अशी केस चालू आहे आणि तो उपासनेला यायचं म्हणतो, तर प्रभूच्या घराचं दार बंद करायचं का?

कोर्टरोड_सातारा
आप्पा, जामिनाच्या अटी आधी बघायच्या, बहुतेक वेळा पीडित आणि साक्षीदारांपासून लांब राहायची अट असते. ते लेकरू तुमच्याच मंडळीत असेल तर त्यानं दुसरीकडं जावं, लेकरानं नाही. नसेल तर पाळकसाहेबांनी त्याला बसवून सांगायचं: उपासनेला ये, अमक्या दोघांच्या मधे बस, पोरांच्या वर्गाकडं, कॅम्पला, कॅरोलच्या गाडीवर नाही, चावी नाही, कुठली जबाबदारी नाही. हे लेखी. पाळकसाहेबांना जड वाटलं तर दोघांनी मिळून सांगायचं.

मिरजेची_ताई
कराडच्या ताई, तुमचं वाचून मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. थँक्यू पण छोटं वाटतं.
काल संध्याकाळी त्या वडिलांच्या घरी गेले, एकटी नाही, माझ्या सासूबाईंना घेऊन. दानार्पणाचं विचारलं. बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले माझ्या नातीला पण पाठवणार आहे कॅम्पला, कागद कुठाय तो दाखवा. त्यांनीच एक गोष्ट काढली जी माझ्या लक्षात नव्हती, की चर्चच्या मागचं टॉयलेट अंधारात आहे आणि संडेस्कूलची पोरं एकटी जातात. तिथं लाइट लावायचा खर्च ते स्वतः देतायत. संडेस्कूलच्या खोलीचं दार भरीव आहे, त्याला वरच्या अर्ध्यात काच बसवायला सुताराला सांगितलंय, शुक्रवारी येतो म्हणालाय.
आणि या रविवारी मी शेवटच्या बाकावर बसणार आहे.