कसेरू खायचं, पण कुठल्या पाण्यातलं?

भीमाकाठ: सोलापुरात सकाळपासून कसेरूवर, म्हणजे पाणथळातल्या गवतासारख्या झाडाच्या खायच्या कंदावर, एक मेसेज फिरतोय: ‘उजनीच्या काठी फुकटचं सुपरफूड! कसेरू खणा, सोला, कच्चंच खा.’ फोटो मात्र नागरमोथ्याचा, म्हणजे शेतातल्या लव्हाळ्याचा! कसेरू पुरुषभर वाढतं. मोथा जेमतेम दोन वीत, गाठ ठेचली की उटण्याचा वास. ती कडू गाठ पोटभर खाणार कोण?

गाळपेर: फोटो चुकला म्हणून कसेरू वाईट होत नाही. उत्तरेत बाजारात विकतात, लोक कच्चं खातात.

भीमाकाठ: पाण्यातल्या कच्च्या कंदांवर चपट्या कृमींच्या अळ्या असू शकतात. दाताने साल काढली की थेट पोटात. चिखल जाईपर्यंत धुवा, काळी साल सुरीने काढा, मऊ होईपर्यंत उकडा. अळी मरेल, शिसं मरत नाही. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून उजनीतच येतं ना?

ऊसवाला: कसेरू राहू द्या, मोथ्याचं बोला! रोटाव्हेटर मारला तर दुप्पट उगवला.

गाळपेर: उगवणारच. जमिनीत गाठींची साखळी अखंड असते तोवर टोकाचा कोंभ बाकीच्या गाठी दाबून ठेवतो. तुकडे केले की प्रत्येक गाठ मोकळी.

कोरडवाहू: एप्रिल-मेमध्ये खोल नांगरा, गाठी उन्हात वाळू द्या. मध्ये पाणी दिलंत तर मेहनत फुकट.

ऊसवाला: खोडव्यात, तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, नांगर घालू? डोकं ठिकाणावर आहे का? उसात हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के हे तणनाशक, एकरी ३६ ग्रॅम. लव्हाळा ३ ते ६ पानांवर हवा, जमिनीत ओल हवी. लोक आधी खुरपतात नि मग फवारतात. पानच नाही, तर औषध गाठीपर्यंत जाणार कुठून?

कोरडवाहू: बरं बाबा, खोडव्यापुरतं तुमचं खरं. पण सुप्त गाठी एका फवारणीत संपत नाहीत, पुन्हा फुटतात. आणि फवारणीचा पंप तळ्याच्या काठी धुऊ नका, कसेरूही त्याच कुळातलं.

भीमाकाठ: धागा कसेरूचा होता.

गाळपेर: मान्य, साहेब! गावाचं सांडपाणी न येणाऱ्या तळ्यातलं, तेही उकडून. म्हणजे मेसेजमधलं ‘खणा, सोला’ एवढंच बरोबर निघालं.

ऊसवाला: फवारणीला एकरी पाणी किती घेता, ते कुणी सांगेल का?

कोरडवाहू: दीडशे ते दोनशे लिटर. नोझल पट्ट्याचं, म्हणजे सपाट पट्ट्यासारखा फवारा सोडणारं.