काळ्या फेझंटची पिल्लं: ब्रूडरबद्दल थोडं अजून

एकाने विचारलंय की काळे (मेलॅनिस्टिक) फेझंट, म्हणजे कोंबडीच्या कुळातले लांब शेपटीचे पक्षी, ही वेगळी जात का, आणि तीन आठवड्यांची पिल्लं एकमेकांची पिसं का उपटतात.

पहिल्याचं उत्तर सोपं: जात तीच, आपला नेहमीचा रिंगनेक फेझंट, फक्त रंगातलं उत्परिवर्तन. नराच्या मानेवरचा पांढरा पट्टा गायब होतो. उन्हात उभा राहिला की काळा कसला, हिरवा-जांभळा झळाळतो! मादी गडद चॉकलेटी.

खरी डोकेदुखी टोचाटोचीची. जागा कमी, उष्णता जास्त, उजेड भगभगीत, खाद्यात प्रथिनं कमी, यांतलं एखादं कारण असतंच. कोंबडीच्या पिल्लांचं साधं खाद्य इथे पुरत नाही. सुरुवातीला २८ ते ३० टक्के प्रथिनांचं गेमबर्ड स्टार्टर (फेझंटसारख्या पक्ष्यांच्या लहान पिल्लांचं खाद्य) हवं. ब्रूडर (पिल्लांना दिव्याची ऊब देणारी जागा) पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पिल्लं दिव्यापासून लांब कोपऱ्यात धापा टाकताना दिसली तर थर्मामीटर काहीही सांगो, दिवा वर घ्या. लाल दिवा लावला तर बराच फरक पडतो.

काळ्या पिसांत रक्त चटकन दिसत नाही. म्हणून शेपटीच्या बुडाशी बोटाने पिसं बाजूला करून बघा. नव्या पिसाची नळी तुटलेली, ओली असेल तर ते पिल्लू लगेच वेगळं काढा. बाकीची त्यालाच धरतात.

आणि हो, वरून जाळी आत्ताच लावा. या वयात ती सहज उडतात.