२५० ओहमच्या हेडफोनसाठी किती ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा?

विलंबित_एकताल: नमस्कार. माझ्याकडे बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो, २५० ओहमचा हेडफोन असून तो १ व्होल्ट देणाऱ्या डोंगलने (मोबाइलला लावायच्या छोट्या ध्वनी-जोडणीने) मोबाइलला जोडतो. नवी गाणी ठीक वाजतात, परंतु जुन्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांत आवाज पूर्ण वाढवूनही तंबोरा जिवाचा कान करून ऐकावा लागतो. खर्च ८,००० रुपयांच्या आत हवा.

भरदार: मी हायफायमॅनचा एचई-६ हा हेडफोन थेट स्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरवर चालवतो आणि त्यानंतर दुसरे काही कानाला रुचलेले नाही. आपण ३०,००० रुपये जमेपर्यंत थांबावे, कारण ताकद कमी पडली की सारा खर्च वाया जातो.

मिलिवॉट: एचई-६ चे माप येथे लावू नये. तो ५० ओहमचा असला तरी १ मिलिवॉटला जेमतेम ८३.५ डेसिबल देतो, त्यामुळे आवाज क्षणभर ११० डेसिबलच्या उंचीवर नेण्यासाठी त्याला सुमारे ४५० मिलिवॉट लागतात. आपला हेडफोन १ मिलिवॉटला ९६ डेसिबल देतो, म्हणून त्याच उंचीला २५ मिलिवॉट, म्हणजे अडीच व्होल्ट पुरतात. सध्याच्या डोंगलवर ४ मिलिवॉट, म्हणजे १०२ डेसिबलच मिळतात. २ व्होल्टचा डोंगल घेतल्यास १०८ पर्यंत जाता येईल आणि तो आपल्या खर्चात बसेल.

काचेचा_दिवा: आकडे बरोबर असतील, पण २५० ओहमला व्हॉल्व्हचाच (काचेच्या निर्वात नळ्यांचाच) अ‍ॅम्प्लिफायर शोभतो. माझ्या पहिल्या, जुन्या बाजारातून आणलेल्या यंत्रात सतत घूं आवाज येत असे आणि विक्रेत्याने ते परत घेतले नाही. दुसरे मात्र उत्तम निघाले.

भरदार: मीही तेच म्हणतो, ताकद हवी.

मिलिवॉट: ताकदीइतकेच अ‍ॅम्प्लिफायरच्या स्वतःच्या आउटपुट इम्पीडन्सकडेही (बाहेर जाणाऱ्या विद्युतप्रवाहाला होणाऱ्या त्याच्या रोधाकडेही) पाहावे. तो हेडफोनच्या रोधाच्या आठव्या हिश्श्याहून, येथे सुमारे ३० ओहमहून, कमी असावा. या हेडफोनचा रोध खर्जाकडे वाढतो, त्यामुळे यंत्राचा इम्पीडन्स जास्त असला तर खर्ज फुगतो. जुन्या स्टिरिओंत हेडफोनच्या वाटेवर शेकडो ओहमचा रेझिस्टर असतो, तेथे हे हमखास घडते.

विलंबित_एकताल: सर्वांचे मनापासून आभार. शेवटचा प्रतिसाद वाचून वडिलांचा स्टिरिओ माळ्यावरून काढला. आवाजाचे बटण फिरवताना खरखर होत होती, ती स्प्रे मारून दोन्ही टोकांपर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवल्यावर गेली. आता बटण पाव फेराही फिरवावे लागत नाही. सांगितल्याप्रमाणे खर्ज फुगला आहे, परंतु त्या जुन्या ध्वनिमुद्रणांत हरवलेला डग्गा त्यामुळेच मला प्रथम नीट ऐकू आला, म्हणून तूर्त काहीही विकत घेत नाही.

काचेचा_दिवा: व्हॉल्व्ह एकदा ऐकून तरी पाहा.