ले माँच्या २४ तासांच्या शर्यतीला तंबू टाकून राहायचंय, सल्ला हवा

चौथा_गिअर

मंडळी, इतकी वर्षं पडद्यावर पाहिलेली फ्रान्समधली ले माँची मोटारींची शर्यत पुढच्या जूनमध्ये प्रत्यक्ष बघायचं घाटतंय. मी, धाकटा भाऊ आणि त्याची १२ वर्षांची लेक. त्या आठवड्यातले हॉटेलांचे दर बघून भावाने लॅपटॉपच मिटला, त्यामुळे कॅम्पिंग. डोंगरात तंबू टाकून झोपायची सवय आहे, पण तिथे उशाशी साठेक गाड्या रात्रभर धावत नसतात.

कॅम्प कुठला घ्यावा? नकाशात नावांची जत्रा आहे : तेर्त्र रूज, मेझाँ ब्लाँश, बोसेजूर, आर्नाज, म्युल्सान, आणखी बरीच. पुतणीला झोप मिळायला हवी आणि आम्हा दोघांना रात्रीची शर्यत चुकवायची नाही, हे एकत्र जमतं का? गाडी भाड्याने घ्यावी की रेल्वेने जावं? तंबू इथून न्यावा का? जाऊन आलेल्यांनी लिहा. व्हिडिओ भरपूर पाहून झालेत, त्यात सगळे नुसते हसत असतात.

रात्रपाळी

आधी तिकिटाचं बघा. प्रवेशाचं तिकीट माणशी असतं आणि कॅम्पिंगचं तिकीट जागेचं. दोन्ही वेगवेगळी घ्यावी लागतात, आयोजक एसीओच्या संकेतस्थळावर. २०२३ ला शर्यतीला शंभर वर्षं झाली तेव्हा सव्वातीन लाख लोक आले होते, आणि त्यानंतर गर्दी काही ओसरलेली नाही. म्हणून विक्री उघडली की पहिल्यांदा कॅम्पची जागा पकडा, विमानाचं नंतर बघता येईल. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापर्यंत कागद जुळवून ठेवा.

आता कॅम्प. ट्रॅक १३.६२६ किलोमीटरचा. एका जागी उभं राहून त्याचा जेमतेम एक तुकडा दिसतो. त्यामुळे पहाटे तीनला तुम्हाला कुठल्या वळणावर उभं राहायचंय ते आधी ठरवा आणि त्या हिशोबाने तंबू टाका. माझं मत विचाराल तर आर्नाज. आधीच्या इंडियानापोलिस वळणाच्या वेगातून गाड्या तिथे एकदम दाबून ब्रेक मारतात, सगळ्या ट्रॅकवरचं सर्वांत संथ वळण आहे ते. अंधारात ब्रेकच्या लालभडक तबकड्या स्पष्ट दिसतात. आर्नाज आणि म्युल्सानकडचे कॅम्प मुख्य भागापासून लांब आहेत, गोंगाट कमी, जायला-यायला बस असते. पुतणी झोपेल.

तेर्त्र रूजचा कॅम्प त्याच नावाच्या वळणाला लागून आहे. तिथून गाड्या लांबलचक सरळ रस्त्यावर सुटतात, बघायला जागा अफलातून, पण झोपेचं नाव काढू नका. मेझाँ ब्लाँशची ख्याती वेगळीच आहे. तिथे रात्री गाड्यांपेक्षा शेजाऱ्यांचा आवाज मोठा असतो.

खडीवाला

रात्रपाळी, आर्नाजचं ब्रेकिंग मान्य, पण सोबत १२ वर्षांची मुलगी आहे हे विसरलात. लांबच्या कॅम्पवरून सगळं बसवर अवलंबून. पोरगी रात्री अकराला पेंगायला लागली तर एकाने तिला घेऊन बसच्या रांगेत उभं राहायचं, आणि तो परत येईपर्यंत दुसऱ्याने ताटकळायचं. उलट मुख्य भागापासून चालत जाण्यासारख्या कॅम्पवर असाल तर दोघांना पाळ्या लावता येतात. एक तंबूत, एक ट्रॅकवर, दोन-तीन तासांनी अदलाबदल. चोवीस तास जागं राहायला ड्रायव्हरसुद्धा बसत नाहीत, एका गाडीला तिघे असतात.

माझं मत बोसेजूर. मोठा आहे, पायपीट होते, पण पायांनी जाता येतं. आर्नाजला एकदा दिवसाढवळ्या बसने जाऊन या, नाहीतर शनिवारी संध्याकाळी सगळे मिळून जा.

विंडचीटर

मुलांना घेऊन गेलेली आहे म्हणून लिहिते. झोपेची काळजी तुम्ही उलट्या बाजूने करताय. जूनच्या मध्यात तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि सकाळी सहाला उगवतो. खरा मिट्ट काळोख म्हणाल तर अकरा ते पाच. शर्यत शनिवारी दुपारी चारला सुटते. म्हणजे मुलीला दिवसाची, संध्याकाळची आणि साडेअकरापर्यंत अंधारातली शर्यत मिळते, मग सहापर्यंत झोप आणि उजाडताना परत ट्रॅकवर. उजाडतानाचा तास सोडू नका. रात्रभर मळलेल्या, ठिगळं मारलेल्या गाड्या तेव्हा उन्हात येतात आणि बरेचसे प्रेक्षक घोरत असल्यामुळे कठड्याला जागा मिळते. सहानंतर तंबूत तसंही कोणी झोपत नाही, आत भट्टी होते.

कानांचं मात्र चालढकल करू नका. मोठ्यांना फोमचे इअरप्लग पुरतात, मुलीला कान पूर्ण झाकणारे मफ घ्या आणि घरीच घालायची सवय करा. नाहीतर तिथे "टोचतंय" म्हणून काढून ठेवते. झोपताना मफ घालून कुशीवर वळता येत नाही, त्यासाठी तिलाही इअरप्लग लागतील.

अंघोळीच्या रांगा सकाळी आठ-नऊला कमरेचा काटा ढिला करतात. शर्यत सुटायच्या वेळी स्नानगृह मोकळं असतं, पण त्या वेळी कोण जाणार! पहाटे पाचला जा. जुन्या शौचालयांत उकिडवं बसायचे संडास असायचे. त्यावरून इंग्रज प्रेक्षकांनी रडून जीव नकोसा केला होता, आपल्या मंडळींना त्याचं काय. ओले टिश्यू आणि टॉयलेट पेपर स्वतःचा ठेवा.

हिरवा_नरक

धाग्यात थोडी काडी टाकतो. कॅम्पिंग हाच मुख्य हेतू असेल तर ले माँ सोडा, जर्मनीत न्युर्बुर्गरिंगची २४ तासांची शर्यत बघा. ट्रॅक २५ किलोमीटरहून जास्त, आयफेलच्या जंगलातून जातो. ब्र्युन्शेन, फ्लान्त्सगार्टन अशा वळणांवर लोक लाकडी मचाण बांधतात, सोफे आणतात, फ्रीज आणतात. आठवडाभराची वस्तीच असते ती. शंभराहून जास्त गाड्या, त्यात साध्या रस्त्यावरच्या गाड्यांवरून बनवलेल्यासुद्धा.

रात्रपाळी

हिरवा_नरक, तुमच्या आवडीबद्दल आदर आहे, पण २०२४ ला काय झालं तेही सांगा की. धुक्याने शर्यत रात्रभर थांबली आणि ५० फेऱ्यांवर आटोपली, तिथल्या इतिहासातली सर्वांत छोटी. शिवाय तिथे एक गाडी डोळ्यांसमोरून गेली की परत यायला आठ मिनिटांच्या वर लागतात. ले माँला हायपरकार, म्हणजे सर्वांत वेगवान वर्गातली गाडी, साडेतीन मिनिटांत परत समोर. पहिल्यांदा बघणाऱ्या मुलीला शर्यत कळायला याचा फार फरक पडतो.

हिरवा_नरक

पावसाचं तुमच्याकडे तरी कुठे वेगळं आहे? त्याच २०२४ ला ले माँला पावसामुळे रात्री चार तासांहून जास्त वेळ सेफ्टी कारच्या (धोका असला की सगळ्यांना हळू नेणारी गाडी) मागे मिरवणूक चालली होती. पण मुलीचा मुद्दा पटला. माझी काडी परत घेतो.

चौथा_गिअर

वा, एका रात्रीत एवढं! खडीवाला, पाळ्यांची कल्पना भावाला फार आवडली, त्याला झोप प्रिय आहे. आता गाडी, तंबू आणि खाण्याचं सांगा. आम्ही तिघेही शाकाहारी.

खडीवाला

रेल्वे : पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनवरून वेगवान गाडीने तासाभरात ले माँ. स्टेशनाबाहेरून ट्राम अंतारेस थांब्यापर्यंत जाते, तिथून ट्रॅक चालत. नुसती शर्यत बघायला यापेक्षा सोपं काही नाही. पण तंबू, गाद्या, पाणी, खाणं घेऊन कॅम्पपर्यंतची चाल नको वाटते. तिघे आहात, गाडी घ्या. पॅरिसहून ए-११ महामार्गाने साधारण २०० किलोमीटर, टोल आहे. आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या आणि पहिला दिवस रस्त्याच्या उजव्या बाजूची सवय करण्यात घालवा. गाडीचा खरा उपयोग सामान ठेवायला आणि पाऊस कोसळला तर पाठ टेकायला होतो.

तंबू इथून नेऊ नका, सामानाचं वजन त्यातच संपेल. डेकॅथलॉन मुळात फ्रान्सचंच, तिथे आधी पॅरिसजवळ कुठेतरी थांबून घ्या. फेकला की उभा राहणारा तंबू मिळतो, पण पहिल्या दिवशी घडी घालायचा सराव करा. उभा राहायला दोन सेकंद लागतात आणि मिटायला अख्खं खानदान. शर्यतीच्या आठवड्यात ऐन ले माँ गावात खरेदी ठेवू नका, शेल्फ रिकामे असतात. आतून काळं कापड असलेला घेतलात तर विंडचीटर यांची भट्टी तासभर पुढे जाते. स्लीपिंग बॅग उबदारच हवी, जून असला तरी पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. जमीन बऱ्याच ठिकाणी टणक आहे, तंबूबरोबरच्या तारेसारख्या खुंट्या वाकतात. जाड खुंट्या आणि हातोडी घ्या. जागा सखल असेल तर तंबू उंचवट्याकडे सरकवा.

गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, तोही तिथेच घ्यायचा.

फोडणीचं_पोळं

खाण्याबद्दल मी. युरोपियन संघात बाहेरून येताना मांस आणि दुधाचे पदार्थ बरोबर आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, पनीर घरीच ठेवा. चिवडा, भडंग, सुक्या चटण्या न्या (भडंग तिथे शेजारच्या तंबूशी मैत्री करायला उपयोगी पडतं). तिथलं चीज, पाव, फळं, टोमॅटो उत्तम असतात, त्यावर दोन दिवस आरामात निघतात. स्टॉलवर तळलेले बटाटे आणि क्रेप मिळतील. ले माँचं प्रसिद्ध खाणं म्हणजे रियेत, ते डुकराच्या मांसाचं असतं. पावावर लावून कोणी प्रेमाने पुढे केलं तर विचारून घ्या. फ्रान्समध्ये रविवारी बरीच सुपरमार्केट दुपारीच बंद होतात, म्हणून शुक्रवारीच सगळं भरून ठेवा.

विंडचीटर

शुक्रवारवरून आठवलं. शुक्रवारी ट्रॅकवर शर्यतीच्या गाड्यांचा सराव नसतो. दुपारी गावात ड्रायव्हरांची मिरवणूक निघते, जुन्या मोटारींतून, अगदी हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून. मुलीला सह्या तिथे मिळतील. आणि जमलं तर बुधवारपासूनच राहा. बुधवारी-गुरुवारी रात्रीचा सराव असतो, गर्दी बरीच कमी. अंधारातल्या गाड्या तेव्हाच पोटभर बघितल्या की शनिवारी रात्री तिला झोपायला पाठवताना भांडण होत नाही.

झोपाळू_मार्शल

वाखुसा (वाचनखूण साठवली).

रात्रपाळी

एक राहिलं, आणि माझ्या मते तंबूइतकंच महत्त्वाचं : छोटा खिशातला एफएम रेडिओ. ९१.२ वर रेडिओ ले माँचं इंग्रजी समालोचन ट्रॅकभर ऐकू येतं. एवढ्या गर्दीत मोबाईलचं जाळं मान टाकतं, आणि नेटवरचं समालोचन आलंच तरी मागे असतं. समालोचन नसेल तर चार तासांनी कोण कितवा आहे हे आपल्याला कळत नाही, नुसत्या गाड्या जाताना दिसतात. साधे इअरफोन, वरून मफ. मुलीलाही एक द्या.

तिला अजून एक काम द्या. गाडीवरचा नंबर लाल पट्टीवर असेल तर हायपरकार, निळ्यावर एलएमपी२, नारिंगीवर एलएमजीटी३, असे तीन वर्ग. दिवसा हे पाठ झालं की रात्री कानांवर सोडा. कॅडिलॅकचं ५.५ लिटरचं व्ही८ इंजिन तंबूत पडल्या पडल्या ओळखू येतं, आणि २०२५ पासून अॅस्टन मार्टिनची व्ही१२ वाली व्हॅल्किरी आली आहे, ती तर लांबूनच. बारा वर्षांची पोरं यात आपल्याला हरवतात.

चौथा_गिअर

ठरलं. बुधवार ते सोमवार, पहिली पसंती बोसेजूर, नाही मिळालं तर चालत जाता येईल असा दुसरा. आर्नाजला शनिवारी संध्याकाळी बसने. पॅरिसहून गाडी. रात्रीच्या पाळ्यांवरून घरात आताच वाद सुरू झालाय : पहाटे तीन ते सहा मला हवी आहे आणि भावालाही. पुतणी म्हणते दोघं जा, मी एकटी झोपेन, जे होणार नाही.

एकच शंका. रविवारी चारला शर्यत संपली की लगेच निघून पॅरिसला रात्री हॉटेल घ्यावं का? भावाच्या मनात आहे.

खडीवाला

नको. लाखो माणसं एकाच वेळी त्याच रस्त्यांवर येतात आणि चालवणारा आदल्या रात्री धड झोपलेला नसतो. रविवारची रात्र तंबूतच काढा. अर्धा कॅम्प रिकामा होतो, स्नानगृहात रांग नसते. सोमवारी सकाळी आवरून निघा, दुपारच्या जेवणाला पॅरिस. तीन ते सहाच्या पाळीसाठी नाणं उडवा, हरणाऱ्याला सहा ते नऊ द्या. ती पाळीही वाईट नाही.