न्वारचं मूळ बर्लिनमध्ये की रद्दीच्या मासिकांत?

रद्दीवाला:
फिल्म न्वारवर, म्हणजे १९४०च्या दशकातल्या काळोख्या अमेरिकन गुन्हेपटांवर, काहीही वाचायला घ्या, दुसऱ्या परिच्छेदात 'जर्मन एक्स्प्रेशनिझम', म्हणजे वाकड्या सेटांची आणि गडद सावल्यांची जर्मन मूकपटांची शैली, हजर. हिटलर आला, बर्लिनचे दिग्दर्शक हॉलिवूडला पळाले आणि येताना ट्रंकेत सावल्या भरून घेऊन आले. ऐकायला छान आहे, पण मग अमेरिकेच्या वाट्याला उरतं काय? स्टुडिओचं भाडं?

माझं म्हणणं असं की न्वार आधी कागदावर उभी राहिली, तीही भडक मुखपृष्ठांच्या स्वस्त मासिकांत. 'ब्लॅक मास्क' १९२० साली निघालं, १९२६ मध्ये जोसेफ शॉ संपादक झाला आणि मासिकाची भाषाच बदलली. डॅशिएल हॅमेट पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरी केलेला माणूस. त्याची 'द मॉल्टीज फाल्कन' १९२९-३० मध्ये तिथेच क्रमशः आली. रेमंड चँडलरची तेल कंपनीतली नोकरी १९३२ साली गेली, पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात त्याची पहिली गुन्हेकथा त्याच मासिकात.

जेम्स केनची जात आणखी वेगळी. त्याच्याकडे हेर नायक नाहीच. विमा एजंट, ढाब्यावरचा गडी, अशी साधी माणसं. १९२७ मध्ये न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात रूथ स्नायडर आणि तिचा प्रियकर जड ग्रे यांनी तिच्या नवऱ्याचा खून केला. त्याआधी नवऱ्याच्या नावावर अपघाती मृत्यूला दुप्पट रक्कम देणारी पॉलिसी उतरवलेली होती. केनच्या 'डबल इन्डेम्निटी' कादंबरीचं बीज हेच. यात बर्लिन कुठे आलं?

नावाचंही तेच. १९४६ च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये युद्धकाळात अडकलेले अमेरिकन चित्रपट एकदम लागले आणि समीक्षक नीनो फ्रँकने ऑगस्टमध्ये 'फिल्म न्वार' हा शब्द त्यांना चिकटवला. त्याच्या आदल्याच वर्षी गालीमार प्रकाशनाने 'सेरी न्वार' ही गुन्हेकथांची माला सुरू केली होती. फ्रेंचांनी हे लेखक मानाने छापले. अमेरिकेत त्यांची गत आपल्याकडच्या बाबूराव अर्नाळकरांसारखीच: वाचणारे अमाप, समीक्षकांच्या लेखी शून्य.

अंधारकोठडी:
साफ असहमत. तुमच्याच 'मॉल्टीज फाल्कन'वर बोलू. वॉर्नर ब्रदर्सने या एका पुस्तकावर तीन चित्रपट काढले: १९३१, १९३६ आणि १९४१. पुस्तक तेच, स्टुडिओ तोच. पहिले दोन सहसा कोणी न्वारमध्ये धरत नाही. चँडलरची 'फेअरवेल, माय लव्हली' घ्या. आरकेओने १९४२ मध्ये ती 'द फाल्कन टेक्स ओव्हर' या स्वस्तातल्या मालिकापटात जिरवून टाकली. दोन वर्षांनी त्याच स्टुडिओत एडवर्ड दमित्रिकने तीच कादंबरी घेऊन 'मर्डर, माय स्वीट' केला आणि तो फ्रँकच्या यादीत बसला. कागद पुरेसा असता तर पहिल्याच फटक्यात काम झालं असतं.

उलट 'स्ट्रेंजर ऑन द थर्ड फ्लोअर' (१९४०) पाहा. पहिला न्वार म्हणून अनेक जण याचंच नाव घेतात आणि हा कुठल्याही कादंबरीवर नाही. स्वप्नातला खटला, भिंत व्यापणाऱ्या सावल्या, आणि पीटर लॉरे, म्हणजे फ्रिट्झ लँगच्या 'एम' (१९३१) मधला खुनी. पत्ता बर्लिनचाच.

रद्दीवाला:
१९३६ ची आवृत्ती कोणी केली ते सांगायचं राहिलं वाटतं. विल्यम डीटर्ले! बर्लिनचा नाट्यदिग्दर्शक मॅक्स राइनहार्ट याच्या नाटकांतला नट, जर्मन मूकपटांचा दिग्दर्शक मुर्नाऊ याच्या 'फाउस्ट'मध्ये भूमिका केलेला, अस्सल जर्मन माल. त्याने हॅमेटची हलकीफुलकी कॉमेडी करून टाकली. १९४१ चा जॉन ह्यूस्टन मिसुरीत जन्मलेला, दिग्दर्शक म्हणून पहिलाच चित्रपट. त्याने पुस्तकातले संवाद बरेचसे जसेच्या तसे ठेवले. जमला कोणाचा?

शिवाय 'निर्वासितांनी सावल्या आणल्या' म्हणणाऱ्यांनी 'पीपल ऑन संडे' (१९३०) जरूर बघावा. रॉबर्ट सिओडमॅक, एडगर उल्मर आणि बिली वाइल्डर, पुढे न्वारमध्ये गाजलेले तिघेही त्यात आहेत. चित्रपट काय, तर बर्लिनच्या तरुणांची रविवारची सहल. तळं, वाळू, लख्ख ऊन.

अंधारकोठडी:
ह्यूस्टनचा कॅमेरामन तुम्ही सोयीस्करपणे गाळलात. आर्थर एडेसन. त्याने १९३१ चा 'फ्रँकेन्स्टाइन' चित्रित केला होता आणि युनिव्हर्सलचे ते भयपट जर्मन मूकपटांच्या वळणावरच उभे आहेत. एक्स्प्रेशनिझमचा नमुना म्हणजे 'कॅलिगारी' हा जर्मन मूकपट, तो न्यू यॉर्कला लागला १९२१ मध्ये. मुर्नाऊने फॉक्ससाठी 'सनराइज' केला १९२७ मध्ये. हिटलर यायच्या आत हॉलिवूड हे सगळं पचवून बसलं होतं, निर्वासितांच्या बोटीची वाट बघायची गरजच नव्हती. त्यामुळे वाइल्डर बर्लिनमध्ये उन्हात काय करत होता, याने माझ्या मुद्द्याला धक्का लागत नाही.

बेबीलाइट:
दोघंही 'सावली' हा शब्द फार ढिला वापरताय. 'कॅलिगारी'तल्या कित्येक सावल्या सेटवर रंगाने काढलेल्या आहेत. 'डबल इन्डेम्निटी' चित्रपटातल्या सावलीच्या पट्ट्या दिव्याने पाडलेल्या आहेत. हे दोन वेगळे धंदे.

त्या चित्रपटाचा कॅमेरामन जॉन साइट्झ, त्याने त्यातल्या दिवाणखान्यात काय केलं पाहा: खिडकीबाहेरून कडक प्रकाश, मधे व्हेनेशियन ब्लाइंड, आणि हवेत ॲल्युमिनियमची बारीक पूड उडवली, म्हणजे उन्हातली धूळ चमकते आणि बंद, कोंदट घर डोळ्यांना जाणवतं. साइट्झ शिकागोचा, १९२१ पासूनचे मोठे मूकपट त्याच्या नावावर.

पट्ट्या पाडण्यात हमखास काय चुकतं, तेही सांगतो. पट्टीची कड किती धुरकट पडेल याचा हिशोब सोपा आहे: दिव्याची रुंदी गुणिले ब्लाइंड ते भिंत अंतर, भागिले दिवा ते ब्लाइंड अंतर. दिवा ५ सेंमी, ब्लाइंडपासून ३ मीटरवर, भिंत ब्लाइंडच्या पुढे १ मीटर: कड साधारण पावणेदोन सेंमी, ५ सेंमीची पट्टी स्वच्छ दिसते. तिथेच ६० सेंमीचा सॉफ्टबॉक्स (मऊ प्रकाशाचा पसरट दिवा) लावला की कड २० सेंमीची होते, पट्ट्या गायब, भिंतीवर नुसता राखाडी डाग. म्हणून लहान दिवा लांब न्यायचा. फ्रेनेल (पुढे लेन्स असलेला दिवा) असेल तर ती लेन्स काढून बघा, कड आणखी धारदार होते.

दुसरी चूक म्हणजे काळोख हवा म्हणून सगळंच एक्स्पोजर खाली ओढणं. निगेटिव्ह पातळ होते आणि काळ्याऐवजी चिखल मिळतो. चेहऱ्याची उजळ बाजू नीट एक्स्पोज करायची, फिल (सावलीच्या बाजूला टाकलेला हलका प्रकाश) तीन स्टॉप खाली ठेवायचा (दर स्टॉपला प्रकाश निम्मा, म्हणजे ८:१, विनोदी चित्रपटात २:१ च्या आसपास असतो), फिल भिंतीवर सांडू नये म्हणून कटर (प्रकाश अडवणारा आडोसा) लावायचा, आणि फ्रेममध्ये कुठेतरी खरं पांढरं ठेवायचं: कॉलर, टेबललँप, काहीही. कॅमेरामन जॉन आल्टनच्या १९४९ च्या 'पेंटिंग विथ लाइट' पुस्तकात रहस्याच्या प्रकाशयोजनेवर अख्खं प्रकरण आहे. ते वाचलं तर हे तत्त्वज्ञान कमी आणि कारागिरी जास्त आहे हे पटेल.

कात्री:
कागद आणि दिवा झाला, सेन्सॉर राहिला की. केनच्या 'द पोस्टमन ऑल्वेज रिंग्ज ट्वाइस' (थोडक्यात 'पोस्टमन') कादंबरीचे हक्क एमजीएम स्टुडिओने १९३४ मध्ये घेतले आणि चित्रपट आला १९४६ मध्ये. मधे बारा वर्षं जोसेफ ब्रीनचं प्रॉडक्शन कोड ऑफिस, म्हणजे हॉलिवूडचा स्वतःचा सेन्सॉर. 'डबल इन्डेम्निटी'लाही १९३५ मध्ये ब्रीनने अडवलं होतं.

कोडचा नियम काय? गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. मग पटकथाकार काय करतो? शिक्षा आधीच सांगून टाकतो. 'डबल इन्डेम्निटी'चा नायक वॉल्टर नेफ गोळी खाऊन ऑफिसात येतो आणि डिक्टाफोनवर कबुली देतो. पुढे दोन तास तुम्ही निवांत खुन्याच्या बाजूने बसा, कोड खूश. 'मिल्ड्रेड पिअर्स' तर पुरावाच आहे. केनच्या १९४१ च्या कादंबरीत खून नाही, फ्लॅशबॅकही नाही. १९४५ च्या चित्रपटात पहिल्याच प्रसंगात गोळ्या सुटतात आणि उरलेली गोष्ट पोलीस चौकीत उलगडते.

रद्दीवाला:
'डबल इन्डेम्निटी'ची कादंबरीसुद्धा नायकाची लेखी कबुलीच आहे हो. ती कोडने नाही, केनने लिहिली. 'मिल्ड्रेड'चा मुद्दा मात्र जड आहे.

जमाखर्च:
युद्ध विसरू नका. १९४३ पासून वॉर प्रॉडक्शन बोर्डाने सेटच्या नव्या सामानावर चित्रपटामागे ५,००० डॉलरची मर्यादा घातली. जुनाच सेट परत वापरायचा तर अर्धा अंधारात ठेवणं आलंच.

बेबीलाइट:
हा तर्क अर्धवट आहे. ती मर्यादा संगीतपटांनाही होती, ते झगमगीतच राहिले. आणि आल्टनचे सगळ्यात काळे चित्रपट, 'टी-मेन' (१९४७) आणि 'रॉ डील' (१९४८), युद्ध संपल्यावरचे आहेत.

अंधारकोठडी:
रद्दीवाले, शेवटचा प्रश्न. 'पोस्टमन' एमजीएमच्या आधी दोनदा पडद्यावर आली: फ्रान्समध्ये १९३९ ला, आणि इटलीत विस्कोंतीचा 'ओसेसिओने' १९४३ ला. विस्कोंतीच्या चित्रपटापासून लोक नववास्तववाद, म्हणजे साध्या माणसांच्या रोजच्या जगण्याची इटालियन चित्रपटशैली, मोजतात. पुस्तक एकच असून इटलीत एक आणि हॉलिवूडमध्ये दुसरं का निपजलं?

रद्दीवाला:
'ओसेसिओने'ला न्वार म्हणायला माझी काहीच हरकत नाही. ढाबा, नको झालेला नवरा, गाडीचा बनावट अपघात, विम्याचे पैसे, सगळं जागच्या जागी आहे. नुसत्या प्रकाशयोजनेने न्वार ठरवायची तर तुमचा 'फ्रँकेन्स्टाइन'ही यादीत घाला.

अंधारकोठडी:
आणि नुसत्या कथानकाने ठरवायची तर रूथ स्नायडरची पोलीस फाइलसुद्धा घाला.