पऱ्ह्या, वहाळ, ओहोळ, ओढा : एकच की वेगवेगळे?

भटकी
आमच्या गावच्या डोंगरवाटेची माहिती लिहून पुण्याच्या मैत्रिणींना पाठवली. त्यात एक वाक्य होतं, 'दुसरा पऱ्ह्या ओलांडला की डावीकडे वळा.' तिघींचेही फोन आले, पऱ्ह्या म्हणजे काय गं? ओढा लिही ना सरळ! पण माझ्या हातून 'ओढा' उतरेना. रत्नागिरीकडे आम्ही ओढा म्हणतच नाही. हा निव्वळ बोलीचा फरक आहे, की वस्तूच वेगळी आहे?

बांधावरचा
वस्तू एकच. नदीहून लहान वाहतं पाणी. कोकणात पऱ्ह्या, आमच्याकडे ओढा. वाचणाऱ्याला कळेल ते लिहावं.

सड्यावरची
एकच कशी? पऱ्ह्याला उतार लागतो. तो डोंगरातून धोंड्यांवर आपटत खाली येतो. मृगात जागा होतो आणि दिवाळीनंतर नुसते गोटे उरतात. वर पाऊस कोसळला की घोट्याएवढं पाणी बघता बघता मांडीला लागतं, आणि ओसरतंही तितक्याच घाईने. त्या वेगात माती टिकत नाही, म्हणून पऱ्ह्यात पाय घातलात तर चिखल लागत नाही, दगड हलतो.

असे चार पऱ्हे एकत्र आले की आमच्याकडे वहाळ. त्याला काठ असतो, धुणं आपटायला सपाट कातळ असतो. खाली मालवणीत तोच 'व्हाळ', गोव्यातही व्हाळच. आणि ओहोळ म्हणजे अगदी बारीक, उडी मारून जाता येईल असा.

बांधावरचा
बरं, माघार. तुमचं वाचून आमचा ओढा डोळ्यांपुढे आला आणि तो खरंच असा नाही. सपाट रानातून नागमोडी जातो, दोन्ही अंगांना काळी माती. आमच्या बांधाकडे त्याचं वळण आहे. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचा जोर जास्त, तिथे तो काठ खालून पोखरतो. वरची माती काही दिवस तशीच लोंबते, मग एखाद्या रात्री धप्पकन आवाज येतो. बांधावरची बाभळ अशीच गेली. समोरच्या अंगाला, जिथे पाणी संथ असतं, तिथे गाळ बसून शेजाऱ्याचं रान वाढतंय. मोजणी आणली तरी ओढा कुठे ऐकतो!

उन्हाळ्यात त्याच ओढ्याच्या वाळूत हातभर उकरलं की पाणी लागतं. त्या खड्ड्याला आम्ही झिरा म्हणतो.

भटकी
शेजाऱ्याकडे जमा होणाऱ्या त्या गाळाला काही शब्द आहे का?

बांधावरचा
मळई. नदीकाठची मळीची जमीन म्हणतात तीही त्यातलीच. कारखान्याची मळी वेगळी, तिचा वास आला की फरक सांगावा लागत नाही.

जुना मास्तर
दोन गोष्टी. पहिली, 'वहाळ' फक्त कोकणाचा, असं समजू नका. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात वहाळ आणि वोहळ शेजारी शेजारी आले आहेत. गंगेच्या पाण्याला मिळेपर्यंतच ते वहाळ-वोहळ, मग गंगाच, असा दृष्टांत आहे. ग्रंथ शके १२१२चा, म्हणजे इ. स. १२९०, आणि सांगितला गेला प्रवरेकाठी नेवाशाला. म्हणजे तेव्हा देशावरच्या श्रोत्यांनाही दोन्ही शब्द कळत होते. नंतर घाटावर ओढ्याने वहाळाला मागे सारलं असावं, हा माझा तर्क.

दुसरी, 'ओढा'चा संबंध 'ओढणे'शी लावायचा मोह होतो (पाणी माणसाला ओढतं वगैरे). पुराव्याशिवाय लावू नये. 'ओघळ' आणि 'ओघळणे' यांचं नातं मात्र उघड आहे. उघड्या उतारावर पावसाने पडलेली बोटभर रेघ म्हणजे ओघळ. ती खोल होत गेली की घळ.

सड्यावरची
मास्तर, शाळेतला 'रांजणखळगा' कुणी खरंच बोलतं का हो?

जुना मास्तर
भूगोलाच्या पुस्तकाबाहेर क्वचित. कुकडी नदीवर निघोजला ते खळगे आहेत, तिथले लोक त्यांना कुंड म्हणतात. पण शब्द घडवणाऱ्याची नजर चांगली. बेसॉल्टच्या पात्रात भोवऱ्यात सापडलेले गोटे जागच्या जागी गरगर फिरतात, कातळ घासत खोल जातात आणि स्वतःही झिजून गोल होतात. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर मी एकात हात घातला होता. आतली भिंत घोटलेल्या पाटीसारखी गुळगुळीत, मध्ये पोट सुटलेलं, तळाशी लिंबाएवढे तीन गोटे. तोंड अरुंद, पोट मोठं, म्हणून रांजण. नुसतं 'खड्डा' म्हटलं असतं तर हा आकार सांगता आला नसता.

बांधावरचा
आणि शेजारून पाणी वाहत असताना त्यात उतरू नये हेही लिहा. वरून दिसतो त्याहून तो खोल असतो, आणि आत पाय टेकवायला खाच नसते.

भटकी
वाक्य बदललं : 'दुसरा पऱ्ह्या (डोंगरातून उतरणारा, धोंड्यांचा) ओलांडला की डावीकडे. दगड हलतात, काठी ठेवा. वर काळं दिसलं तर अलीकडेच थांबा.' कंसाबद्दल मैत्रिणींची तक्रार नाही. पुढचा प्रश्न आलाय, अनेकवचन पऱ्हे की पऱ्ह्ये?

सड्यावरची
पऱ्हे. 'दोन पऱ्हे लागतात.'